अनवाणी माग

“दादा, त्यो फोन खिशात घाला बघू आधी. त्यो वाजला की ठोंब्याचं डोस्कं वर येतंय.”

धवलनं फोन खिशात घातला. भिमाजीनं दोन्ही दोऱ्या मुठीत धरल्या, गुडघा जमिनीला टेकवला आणि दोन्ही कुत्र्यांच्या मानेवरून हात फिरवला. “हुडीक,” तो हळूच म्हणाला. बस, एवढंच. ओरडायचं नाही, घाई करायची नाही. ओरडून काम होत असतं तर तालुक्यातले झाडून सगळे पुढारी शिकारी झाले असते, असं तो म्हणायचा.

ठकीनं नाक गवतात घातलं. डिसेंबरची सकाळ होती. खंडाळ्याच्या धवलच्या बंगल्यामागच्या पठारावर दव अजून वाळलं नव्हतं, आणि मघाशीच भिमाजी त्या गवतातून एक गोणी ओढत गेला होता. गोणीत काय, तर सशांच्या पिंजऱ्यातलं खालचं घाणेरडं गवत. ठकी डावीकडे गेली, उजवीकडे आली, थबकली. तिचं शेपूट थरथरायला लागलं आणि तिच्या घशातून लांबलचक सूर निघाला, आऊऊऊ! ठोंब्यानं स्वतः काही शोधलंबिधलं नव्हतं. पण ठकी ओरडतेय म्हणजे काहीतरी असणार, अशा भरवशावर त्यानंही गळा काढला. निघाली दोघं. कातळावरून, करवंदीच्या जाळीला वळसा घालून, गुरांची वाट आडवी कापून, ओढ्याच्या पाण्यातून पलीकडे आणि एकदाही न चुकता थेट जांभळीखाली ठेवलेल्या गोणीपाशी! भिमाजी दोऱ्या धरून मागनं धावत होता. त्यानं खिशातून उकडलेली कलेजी काढून दोघांना दिली आणि धापा टाकत धवलकडे असं पाहिलं, जणू सगळा माग त्यानंच हुंगत काढला होता.

“सॉलिड, काका!” धवल म्हणाला. “पुढच्या महिन्यात पवनेच्या बाजूला माळावर ट्रायल आहे. खरा ससा नाही हां, असाच वासाचा माग. कुत्र्यांनी काढून दाखवायचा. हे जमलं ना, तर इथंच केनेल काढतो मी. पिल्लं आणायची आणि ती तुम्ही तयार करायची. ही दोघं तर राहतीलच.”

“आन न्हाईच जमलं तर?”

“नाही जमलं तर...” धवलनं जरा इकडेतिकडे पाहिलं. “यांना आपण जिथून आणलं ना, तो चाकणकडचा माणूस, तो या दोघांच्या बदल्यात एक तयार कुत्रा देतो म्हणालाय. पूर्ण ट्रेन केलेला. बरोबर त्याचा ट्रेनरही येईल आठवड्यातून एकदा.”

चाकणकडची ती जागा भिमाजीनं पाहिली होती. पिल्लं आणायला धवलबरोबर तोच गेला होता ना! पत्र्याच्या शेडमध्ये पिंजऱ्यावर पिंजरे, आणि खालच्या पिंजऱ्यात या पिल्लांची आई. तिची आचळं जमिनीला लागत होती. भिमाजीनं जाळीतून बोट घातलं तर तिनं ते हुंगलंसुद्धा नाही. ज्या जातीचं सगळं जगणं नाकावर, त्या जातीच्या कुत्रीनं समोर आलेलं बोट हुंगू नये? एका वेतातून उठली की दुसऱ्या वेताला लावायची, एवढाच तिचा उद्योग राहिला होता. ठकीची रवानगी त्याच पिंजऱ्यात व्हायची, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

कागदावर या कुत्र्यांची नावं ड्यूक आणि डचेस अशी होती. भिमाजीच्या जिभेला ती पेलली नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यानं फारसा प्रयत्नही केला नाही. लांब कान, आखूड पाय, पाठीवर काळी झूल पांघरल्यासारखा रंग. मादी चलाख म्हणून ठकी, आणि नर बिचारा जसा होता तसा म्हणून ठोंब्या.

भिमाजी मूळचा भाजे गावचा. त्याचा बाप निवृत्ती म्हणजे एके काळी आसपासच्या गावांत माग काढण्यात पहिला. ससा कुठून उठला, कुठं बसला, कुठं उलटा फिरून कुत्र्यांना चकवून गेला, हे तो गवत बघून सांगायचा. लहानपणी भिमाजी त्याच्या मागं मागं असायचा. पुढं कायदा आला, शिकार बंद झाली. बरंच झालं म्हणा; नाहीतर ससा औषधालाही उरला नसता, हे भिमाजीही कबूल करायचा. पण बापाबरोबर जे शिकला, त्याला गिऱ्हाईक उरलं नाही. मग थोरल्या साहेबांनी, म्हणजे धवलच्या वडलांनी, माधवरावांनी, त्याला बंगल्यावर ठेवून घेतलं. झाडांना पाणी घाल, गेट उघड, गेट लाव. गेट उघडता-लावता माणूस म्हातारा झाला. उभ्या जन्मात त्याला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, तुला काय येतं? माधवराव गेल्यावर धवल ही पिल्लं आणायला त्याला घेऊन गेला आणि परतताना विचारता झाला, “काका, तुमचे वडील शिकारी होते ना? यांना माग काढायला शिकवाल?” त्या दिवशी भिमाजीला जेवण गेलं नाही.

त्यानं शिकवलंही जीव ओतून. आधी नुसतं गोणी हुंगायला द्यायची. मग चार पावलांचा माग, मग सरळ, मग वळणाचा, मग जरा शिळा झालेला. नाक खाली असेल तोवर हाक मारायची नाही, कारण मागावरच्या कुत्र्याला हाक मारणं म्हणजे जेवत्या माणसाच्या हाताला धक्का देणं. माग घालायला आपण निघालो की कुत्र्यांनी गप बसून वाट बघायची. एकदा दोघं शेजारच्या बंगल्याच्या कोंबड्यांमागं लागली, तर तो दिवस भिमाजीनं दोघांना उपाशी ठेवलं आणि स्वतःही जेवला नाही. त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, कपाळाला हात लावला.

“पोरांना येवढं कदी शिकावलं न्हाई,” ती म्हणाली. “संदेश धाव्वीला आपटला तवा कुटं व्हता वो तुमी?”

“त्येला नाक न्हवतं,” भिमाजी म्हणाला.

“आता हाय. भाज्याच्या घराचा होमष्टे केला न् आपल्याला हितं मागल्या खोलीत टाकलं. लय लांबचं हुंगतंय त्येचं नाक!”

ती अशीच बोलायची. पण कलेजी उकडायची तीच, आणि मीठ न घालता उकडायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माग घालताना भिमाजीच्या पायात काही नसे. धवलनं त्याला रबरी बूट आणून दिले होते, ते खोलीतल्या खुंटीवर कोरे करकरीत लटकत होते. निवृत्तीची शिस्तच तशी होती: रानाच्या कडेला पायताण काढून ठेवायचं, मग आत शिरायचं. रान म्हणजे देवाचं अंगण. तिथलं जनावर मागायला जायचं आणि चपला घालून? भिमाजीला ते पटलेलंच होतं. पठाराच्या कडेला तो चपला काढायचा, वाकून मातीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि गोणी ओढत निघायचा. काटे मोडायचे. मोडले तर मोडले. शेवटी सडकेनं फिरून परत यायचं आणि चपला घालायच्या. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. धवलला तर उलट ते भारी वाटलं. त्यानं त्याचा फोटोही काढला होता.

पवनेच्या बाजूच्या माळावर त्या रविवारी मोटारींची रांग लागली होती. जाळीच्या टोप्या घातलेली माणसं, लांब बुटांतल्या बाया, तऱ्हेतऱ्हेची कुत्री. माग घालणारा गडी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून आला होता आणि त्याच्या हातात लांब काठी होती. वासाची पिशवी काठीच्या टोकाला बांधून तो ती बाजूनं, आपल्या पावलांपासून लांब ओढत चालला होता.

“ह्यो मासं धराय निघालाय का काय?” भिमाजी हसून म्हणाला. धवलही हसला.

माळ लागला तेव्हा भिमाजीनं सवयीनं चपला गाडीशेजारी काढल्या होत्या. तसाच तो बाभळीमागं लघवीला जाऊन आला, चहाच्या टपरीवर बाकड्यावर टेकून चहा प्याला आणि दोरीपलीकडे मांडलेल्या खुर्च्यांत शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसला. मालकानंच कुत्री सोडायची, असा नियम होता. ठकी धवलच्या हातात नाखूष दिसत होती, पण तशी ती धवलच्या हातात नेहमीच दिसायची.

“हुडीक,” धवल म्हणाला. त्याच्या तोंडी तो शब्द जरा उसना वाटला.

दोरी सुटली. ठकीनं नाक खाली घातलं. पिशवी जिथून ओढत नेली होती तिथलं गवत तिनं हुंगलं, आणि मान वर केली. पुन्हा हुंगलं. पुन्हा मान वर. भिमाजी खुर्चीच्या कडेवर सरकला. अगं, हितंच हाय, हितंच! तिनं एक मोठा गोल फेरा घेतला, आणि गाड्यांच्या बाजूला एकदम थबकली. शेपूट थरथरलं. आऊऊऊ! ठोंब्यानं लगोलग साथ दिली. काय आवाज लागला होता दोघांचा! लोक खुर्च्यांवरून उठले. भिमाजीला वाटलं, बाप असायला हवा होता आज.

दोघं नाक जमिनीपासून बोटभरही न उचलता सुसाट निघाली, आणि बाभळीकडे गेली. बाभळीमागं त्यांनी एक फेरी मारली. तिथून टपरीकडे. बाकड्याखालून. मग दोरी ओलांडून, खुर्च्यांच्या ओळींतून, बायकांच्या पायांतून वाट काढत शेवटच्या खुर्चीपाशी. आणि ठोंब्यानं भिमाजीच्या मांडीवर उडी घेतली.

हशा पिकला. “चहाचा माग बरोब्बर काढला!” कुणीतरी ओरडलं. तेवढा एक धवल हसत नव्हता. भिमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि ठकी मात्र त्याच्या खिशाशी नाक लावून कलेजी मागत होती. तिच्या हिशेबी तिनं काम चोख केलं होतं.

परीक्षक होत्या अरुंधती मॅडम. तळेगावच्या, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्या हसल्या नाहीत. जवळ आल्या, ठकीचे कान चोळले आणि भिमाजीच्या पायांकडे बघत राहिल्या.

“माग घालताना तुमच्या पायात काय असतं?”

“काय न्हाई. रानात पायताण न्हाई घालत आमी.”

“आणि गोणी कोण ओढतं?”

“मीच की. दुसरं कोन वढनार?”

मॅडम शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि अगदी हळू बोलल्या. “दादा, मग ही सशाचा वास शिकलीच नाहीत हो. तुमच्या पायांचा शिकली. गोणीचा वास येत-जात राहिला, पाय मात्र रोज तेच. शेवटी खाऊ देणारे हातही तेच. वर्षभर ती तुम्हालाच शोधतायत.” मग त्या म्हणाल्या, “नाक फार चांगलं आहे यांचं. चूक कुत्र्यांची नाही.”

चूक कुत्र्यांची नाही. मग कुणाची, हे त्यांनी सांगितलं नाही, सभ्य बाई. पण भिमाजीला ते लख्ख उमगलं. बाप अनवाणी जायचा ते खरं, पण बापाच्या कुत्र्यांपुढं खरा ससा पळत होता, स्वतःच्या पायांनी. बाप मागनं जायचा. बाप पुढं कधी चाललाच नव्हता. एवढी साधी गोष्ट एवढ्या दिवसांत आपल्या टाळक्यात कशी आली नाही? बापाचं एक उचललं आणि दुसरं तपासलंच नाही. करायला गेलो काय आणि झालं काय!

परतताना गाडीत ठकी आणि ठोंब्या मागं झोपली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भिमाजीनं खुंटीवरचे बूट काढून कस्तुराबाईपुढं ठेवले.

“घाल.”

“ह्ये आन काय नवीन?”

“माग तू घालायचा. मी फकस्त मागनं येनार. येका महिन्यात मोडतो की न्हाई बघ त्यांची खोड.”

कस्तुराबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा गिळली. लुगड्याचा काचा मारून, ते भले मोठे बूट घालून, फटाक फटाक करत ती पठारावरून गोणी ओढत गेली. दोनदा पडली. भिमाजीनं कुत्री सोडली. ठकीनं गोणीचा माग हुंगला, कस्तुराबाईकडे पाहिलं, भिमाजीकडे पाहिलं, आणि त्याच्यासमोर येऊन बसली. तुम्ही कधी जाताय माग घालायला, असा तिचा चेहरा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ठकी गोणीच्या मागावर थोडी चालली. भिमाजी हर्षानं ओरडणारच होता, तेवढ्यात तिला गवतात त्याचं आदल्या दिवशीचं पाऊल लागलं आणि ती तिकडे वळली. त्या पठारावर असं गवत उरलं होतं कुठं, जिथं त्याचा पाय पडला नव्हता?

तरी तो म्हणत होता, वेळ द्या. वेळ लागतो, पण सुटते सवय. धवलनं वेळ दिला नाही.

“मी बोललोय त्या माणसाशी,” शनिवारी तो येऊन म्हणाला. “उद्या टेम्पो येईल. तोच आपला नवा कुत्रा मागाहून आणून सोडेल.”

“दादा, येक महिना...”

“काका, लोक हसले हो माझ्यावर. आपला व्हिडिओ फिरतोय सगळीकडे, चहाचा माग म्हणून.”

“मग मला द्या. मी संबाळतो दोगांस्नी. तुमच्याकडं काय मागनार न्हाई. भाकर-तुकडा घालीन मी आपला.”

“कुठं ठेवणार? इथं नवीन कुत्र्याजवळ ही चालणार नाहीत, त्याचं ट्रेनिंग बिघडेल. आणि सौदा झालाय, मी शब्द दिलाय.” धवल वाईट मुलगा नव्हता. त्याला बोलताना त्रास होत होता आणि त्या त्रासाच्या भरातच तो ते बोलून गेला. “आणि काका, राग मानू नका, पण वर्षभर तुम्हीच बिघडवलंत ना त्यांना?”

खोटं असतं तर भिमाजी भांडला असता.

त्यानं संदेशला फोन लावला. संदेशनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आबा, हितं बाया-पोरं येत्यात मुक्कामाला. कुत्री असली की गिऱ्हाईक भेतं. आन ही तर वरडनारी. न्हाई जमायचं.” मग विचारलं, “आईचं गुडघं कसं हायती?” भिमाजीनं बरे आहेत म्हणून फोन ठेवला.

टेम्पो यायला रविवारी दुपार टळली. मागं जाळीचा मोठा पिंजरा, आणि बजरंग नावाचा ड्रायव्हर. भिमाजीनं सकाळीच दोघांना आंघोळ घातली होती. का घातली, त्यालाच ठाऊक. बजरंगनं पुढं होऊन ठकीचं बखोट धरलं, ती कळवळून ओरडली, पिळवटून पट्ट्यातून निसटली आणि सुटली. तिच्या मागं ठोंब्या. कुंपणाच्या फटीतून दोघं पठारावर, आणि पठारावरून दरीकडच्या कारवीत. गेली!

“डचेस! ड्यूक!” धवल कुंपणाशी उभा राहून ओरडत होता. त्या नावाची कुत्री त्या पठारावर कधी राहतच नव्हती. बिस्किटाचा पुडा वाजवून झाला, शिट्ट्या झाल्या. बजरंगनं गाडीतून लोखंडी काठीचा फास काढला.

“जवळ आली तर मानेत घालता यील. पर आली पायजेत ना. अंदार पडला की मी काय थांबत न्हाई, सायेब.”

“आणि अंधारात बिबट्या असतो इथं,” धवल म्हणाला. ते खरंच होतं. दिवाळीच्या सुमारास पलीकडच्या बंगल्यातला चांगला थोराड कुत्रा त्यानं साखळीसकट नेला होता. “काका, तुम्ही हाक मारा ना.”

“हाकंवर न्हाई येत ती. मीच शिकावलं न्हाई.”

“मग कशावर येतात?”

कशावर येतात हे आता सगळ्या जगाला माहीत झालं होतं. भिमाजीनं पिंजऱ्याकडे पाहिलं, आणि कस्तुराबाईनं त्याला तसं पाहताना पाहिलं. ती त्याच्याजवळ आली.

“अवं, नका,” ती म्हणाली.

“बिबट्या न्हेईल गं त्यांला.”

“न्हेऊ द्या. येका रातीत सुटतील.”

तिनं चाकणचा पिंजरा पाहिला नव्हता. नवऱ्याच्या तोंडून ऐकला होता फक्त. भिमाजी तिच्याकडे बघत राहिला. तिचं खरं असेल. पण ठकी दरीत एकटी किंचाळतेय आणि आपण खोलीत पडून ऐकतोय, हे त्याला सोसवणार नव्हतं. माणसाला दुसऱ्याचं मरण सोसत नाही म्हणून तो त्याला जगायला लावतो, मग ते जगणं कसंही असो.

“समदी आत जावा,” तो म्हणाला. “कुनी बाहेर दिसता कामा नये. पिंजऱ्याचं दार उगडं ठिवा, फळी लावा.”

पठाराच्या कडेला त्यानं चपला काढल्या. मातीला हात लावला, कपाळाला मात्र लावायला विसरला.

माग तो नेहमी सुरू करायचा त्या सपाट कातळापासून निघाला. बजरंग म्हणाला होता सरळ या, पण तो सरळ आला नाही. त्यानं आजवर घातला नव्हता असा अवघड माग घातला. गुरांच्या वाटेवर शेणातून गेला. करवंदीच्या जाळीपाशी आल्या पावली मागं फिरला, ससा फिरतो तसा, आणि बाजूला उडी मारली. ओढ्यात उतरून पाण्यातून लांबवर वर गेला आणि उघड्या खडकावर चढला, तिथं वास टिकत नाही. हुकू देत एकदा. वर्षभर देवाला सांगत होता हुकू नको देऊ म्हणून; आज उलटं मागत होता. आणि हुकली तर पुढं काय, या प्रश्नाला त्याच्याकडे काहीही उत्तर नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यानं पुसलं नाही. पुसून कुणाला दाखवायचं होतं?

शेवटी कुंपणाच्या फटीतून अंग चोरून तो बंगल्याच्या आवारात आला, फळीवरून पिंजऱ्यात चढला, आणि वाकून आत गेला. आत दुसऱ्या कुत्र्यांचा, मुताचा, औषधाचा वास होता. कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन तो बसला.

बराच वेळ काही नाही. घाटातल्या गाड्यांची घरघर तेवढी. ऊन कलंडत होतं. मग लांबून, कातळाकडून, आवाज आला. आऊऊऊ.

भिमाजी कानांनी माग धरून बसला. आता गुरांची वाट. आता करवंदी, तिथं आवाज अडखळला, फिरला, आणि पुन्हा लागला. वा गं ठकी! त्याच्या नकळत त्याची मूठ आवळली गेली. आता ओढा. ओढ्याशी सगळं थंड झालं. गेला माग. पाण्यात गेला. सुटली असतील तर आता परत फिरतील, दरीत जातील. जावा, माझे माये, जावा.

आऊऊऊ! अलीकडच्या काठावरून. खडकावरून. आणि मग ठोंब्याचा बसका, मूर्ख, आनंदी आवाज.

कुंपणाच्या फटीतून दोघं आली. नाकं जमिनीला चिकटलेली. फळीवर पायांची टपटप झाली, आणि दुसऱ्या क्षणी ती भिमाजीच्या अंगावर होती. ओली, काटे लागलेली, थरथरणारी. ठोंब्या त्याचं तोंड चाटत होता. ठकीनं खिशात नाक खुपसलं. खिशात काही नव्हतं. गडबडीत कलेजी राहिलीच की! त्यानं रिकामा तळवा तिच्यापुढं धरला, तिनं तोही चाटला.

“शाबास,” तो म्हणाला. “शाबास गं बाई.”

“अख्ख्या वर्षात एवढा अवघड माग नव्हता काढला यांनी,” व्हरांड्यातून धवल म्हणाला. त्याचाही आवाज जरा बदलला होता. “बजरंग, सावकाश. घाबरवू नको त्यांना.”

भिमाजी दोघांना बाजूला सारत, तोंड त्यांच्याकडेच ठेवून, रांगत दाराकडे सरकला. ती दोघं त्याच्या मागं आली नाहीत. माग घालायला तो निघाला की गप बसून वाट बघायची, असं त्यानंच शिकवलं होतं ना. आता तो दुसरा माग घालायला चाललाय, असंच त्यांना वाटलं असणार. पिंजऱ्याच्या मधोमध दोघं शेजारी शेजारी बसली. शेपट्या पत्र्यावर आपटत होत्या.

भिमाजी एक पाय खाली सोडून दाराच्या काठावर तसाच थांबला. बजरंग दाराला हात लावून उभा होता. त्यानं थोडा वेळ वाट बघितली.

“भाऊ,” तो म्हणाला, “पाय काडा तेवढा. दार लावायचंय.”

भिमाजीनं पाय काढला.